लाटेची उंची सगळ्यात शेवटी

मे अखेरीला बडोद्यात गच्चीवरचं वाळवण विटांखाली जातं. सकाळी घातलेल्या कुरडया दहा-अकरापर्यंत निवांत वाळतात. दुपार कलली की नैर्ऋत्येचा वारा सुटतो आणि खालचा प्लॅस्टिकचा कागद चारही कोपऱ्यांनी फडफडायला लागतो. दांडिया बाजारात, रावपुऱ्यात हा वारा हवाहवासाच वाटतो; दिवसभर भाजून निघालेल्या भिंती त्याने थोड्या निवतात. पण दोनशे किलोमीटर दक्षिणेला तिथळच्या किनाऱ्यावर त्याच वेळी समुद्राचं पाणी कापलं जात असतं, लाटांच्या माथ्यावर फेस दिसू लागलेला असतो. म्हणून समुद्राचा अंदाज वाचायला सुरुवात गच्चीवरून करावी. रात्री जेवणं आटोपेपर्यंत वारा पडला, तर पहाटे पाणी गुळगुळीत मिळण्याची आशा धरता येते. रात्रभर वाहतच राहिला, तर पावसाळी वाऱ्याचा पाया बसू लागलाय असं समजावं. मग पहाटेचा समुद्रही विस्कटलेलाच मिळणार.

शाळा उघडायच्या आत एकदा ‘दरियाला’ जाऊन यायचं, हे बडोद्याच्या मराठी घरांत मे अखेरीला ठरतंच. मग कोणीतरी फोन काढतं, अॅप उघडतं, लाटेची उंची बघतं. 1.2 मीटर. ‘हात्तिच्या, कमरेएवढी तर आहे!’ आणि गाडी ठरते. चूक इथेच होते. त्या पानावर आठ-दहा आकडे असतात आणि बडोद्याहून जाणाऱ्यासाठी त्यातला उंचीचा आकडा सगळ्यात शेवटी वाचायचा असतो. आधी घड्याळ, मग दोन लाटांमधला वेळ, मग वारा, आणि मग उंची.

बडोद्याला स्वतःचा किनारा नाही. गायकवाडी राज्याला मात्र होता. नवसारी, बिलिमोरा, कोडीनार आणि पार टोकाला ओखामंडळ. नकाशावर हे तुकडे विखुरलेले दिसतात, आणि योगायोग असा की एकाच गुजरातचे निरनिराळे समुद्र त्यात येतात. बडोद्याहून जवळचा म्हणजे खंभातच्या आखाताचा चिखलाळ समुद्र: जंबुसरच्या पुढे कावी-कंबोई, पाऊणशे किलोमीटरच्या आसपास. दुसरा दक्षिण गुजरातचा, दांडी, तिथळ, नारगोळ, दमण. पाणी मातकट, वाळू काळसर, किनारा सपाट. तिसरा सौराष्ट्राच्या टोकाचा, द्वारकेजवळचा शिवराजपूर; रात्रभराचा प्रवास, पण अरबी समुद्र तिथे आडपडदा न ठेवता येतो. शिवराजपूरला 2020 मध्ये ब्लू फ्लॅग मिळाला, तेव्हापासून तिथली गर्दी वाढली आहे. या तिन्ही ठिकाणी ‘1.2 मीटर’ या आकड्याचा अर्थ वेगळा.

आधी घड्याळ, कारण आखातात लाट ही किरकोळ बाब आहे. खंभातचं आखात तोंडाशी रुंद, आत अरुंद आणि उथळ. नरसाळ्यात पाणी ओतावं तशी भरती आत येता येता चढत जाते. वेरावळला भरती-ओहोटीतला फरक दोन मीटरच्या आसपास, मुंबईला उधाणाला साडेचार-पाच, आणि भावनगरला दहा मीटर नि त्याच्याही वर. तीन मजली घराएवढं पाणी बारा-साडेबारा तासांत चढतं आणि उतरतं. लाटांच्या अंदाजाची जागतिक मॉडेलं समुद्राचे काही किलोमीटर रुंदीचे चौकोन पाडून हिशेब करतात. आखातातले चिखलाचे पट्टे, वाळूचे बांध, ओहोटीत उघडी पडणारी जमीन त्यांना नीट दिसत नाही. त्यामुळे कंबोईसाठी अॅपने दाखवलेली लाटेची उंची सरळ सोडून द्यावी.

कंबोईचं स्तंभेश्वर महादेवाचं देऊळ भरतीला पाण्याखाली जातं आणि ओहोटीला उघडं पडतं, दर्शन ओहोटीतच. तिथे किती वेळ हाताशी आहे हे मोजायची जुनी खलाशी रीत म्हणजे बाराव्या हिश्श्यांची. एकूण चढाचे बारा भाग करायचे. पहिल्या तासात एक भाग पाणी चढतं, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन, चौथ्यात तीन, पाचव्यात दोन, सहाव्यात एक. तिथळला सहा मीटरचा चढ असेल तर पहिल्या तासात अर्धा मीटर, पण तिसऱ्या तासात दीड मीटर. आखातात दहा मीटरचा चढ धरला तर मधल्या तासांत अडीच-अडीच मीटर, म्हणजे मिनिटाला चार सेंटिमीटर. ऐकायला थोडं वाटतं. पण किनारा इतका सपाट असेल की पाचशे मीटरला एक मीटर उतार, तर चार सेंटिमीटर चढ म्हणजे पाण्याची कड मिनिटाला वीस मीटर पुढे. घोट्यापर्यंत चिखलात रुतणाऱ्या माणसाला तेवढा वेग गाठणं अवघड आहे. शिवाय ही रीत आखाताच्या पोटात कमी पडते. तिथे भरती सहा तास रेंगाळत नाही. कमी वेळात, अंगावर आल्यासारखी येते आणि ओहोटी जास्त वेळ चालते. हिशेबाने जो वेळ निघेल त्यातला अर्धाच आपला, असं धरून परत फिरावं.

या पाण्याची दहशत नवी नाही. पहिल्या शतकात भडोचला येणाऱ्या परदेशी व्यापाऱ्यांसाठी ग्रीकमध्ये लिहिलेल्या एका मार्गदर्शिकेत इथली भरती वर्णन केलेली आहे: तळ उघडा दिसतो आणि थोड्याच वेळात पाणी गर्जत येतं. राजाच्या सेवेतले स्थानिक मच्छीमार मोठ्या नावा घेऊन पार सौराष्ट्राच्या किनाऱ्यापर्यंत सामोरे जात. परकी जहाजं भरती लागली की पुढे न्यायची आणि ओहोटीत ठरलेल्या जागी नांगरून ठेवायची, असा त्यांचा शिरस्ता. 1930 च्या मार्चमध्ये दांडीयात्रेनेही कंकापुऱ्याजवळ मही नदी ओलांडली ती रात्री, नावेतून, भरतीच्या पाण्यावर. पलीकडे चिखल होताच. महीच्या मुखाशी पाण्याला विचारल्याशिवाय कोणाचं चालत नाही.

वेळ काढायची कशी? कोकणातून आलेल्या घरांत एक हिशेब अजून ऐकू येतो: तिथीची पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, आणि पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या सुमारास. भरती रोज सुमारे पन्नास मिनिटं पुढे सरकते, त्याचंच हे पाठांतराला सोपं रूप. दिवसाला पाच-दहा मिनिटांची खोट आहे, पण भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून पंधरवड्याचं चित्र डोळ्यांपुढे येतं. मात्र हा हिशेब मुंबई-कोकणचा. तिथळला भरती त्याहून उशिरा येते आणि आखातात जसजसं आत जावं तसतशी आणखी उशिरा. भावनगरला पोचेपर्यंत काही तासांचा फरक पडतो. आजीच्या हिशेबाने कंबोईला गेलेला माणूस देवळाऐवजी नुसतं पाणी बघून येईल. अॅपचीही तीच गत होऊ शकते: जवळचं भरती-केंद्र नसलं की ते गुपचूप दुसऱ्याच बंदराची वेळ दाखवतं. पानाच्या वरच्या कोपऱ्यात केंद्राचं नाव कोणतं आहे ते आधी वाचावं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या भरती-तक्त्यात मोठ्या बंदरांच्या वेळा भारतीय वेळेनुसार असतात. हवामानाच्या कच्च्या नकाशांवर मात्र वेळ ग्रिनिचची असते, तिथे साडेपाच तास मिळवायचे राहून गेले की सकाळची दुपार होते.

आता या घड्याळातली खरी गोम. एखाद्या बंदरात उधाणाची भरती दर वेळी साधारण त्याच प्रहराला येते. मुंबईकडे ती दुपारी बाराच्या आगेमागे, तिथळ-दांडीकडे त्यानंतर. म्हणजे पौर्णिमा-अमावास्येच्या सुटीत सकाळी सात-आठला समुद्र लांब गेलेला असतो, दुपारी तो पायऱ्यांशी येतो आणि चारनंतर, ऊन उतरलं म्हणून सगळी मंडळी पाण्यात शिरतात, तेव्हा पाणी सर्वांत जोरात बाहेर जात असतं. बाराव्या हिश्श्यांतले ते तीन-तीन भाग नेमके त्या वेळचे. वरून पाणी शांत दिसतं, कारण ओहोटीत लाटा बुटक्या होतात. किनाऱ्यावरच्या संध्याकाळच्या दुर्घटनांमागे खवळलेल्या समुद्राइतकाच या वेळापत्रकाचाही हात असावा असं वाटतं.

उलट अष्टमी-नवमीला भांगाची भरती: चढ-उतार जवळपास निम्म्यावर, पूर्ण भरती सकाळी लवकर आणि संध्याकाळी, मधे दुपारी ओहोटी. मुलं बरोबर असतील तर सुटीचा रविवार अष्टमीच्या जवळचा निवडावा. सर्वांत मोठं उधाण पौर्णिमेनंतर एक-दोन दिवसांनी येतं, तसाच सर्वांत मऊ भांगही अष्टमीनंतर एक-दोन दिवसांनी. म्हणून अष्टमीपेक्षा दशमी बरी.

घड्याळ झालं. आता दोन लाटांमधला वेळ, म्हणजे पीरियड. अॅपवर उंचीच्या शेजारी सेकंदांत लिहिलेला हा आकडा बहुतेक लोक गाडीच्या नंबरप्लेटसारखा बघतात. समजा, शनिवारी उंची 1.4 मीटर आणि पीरियड 6 सेकंद आहे. रविवारी उंची 1 मीटर आणि पीरियड 14. रविवार सोपा वाटतो. पण लाटेची ताकद उंचीच्या वर्गाला पीरियडने गुणून ताडायची. शनिवारचा गुणाकार 11.8 आणि रविवारचा 14. बुटकी लाट जास्त जोराची निघाली.

कारण असं: सहा सेकंदांची लाट म्हणजे जवळच्या वाऱ्याने उठवलेली वळवळ. खोल पाण्यात तिची लांबी 1.56 गुणिले सहाचा वर्ग, म्हणजे छप्पन मीटर. लांबीच्या निम्म्या खोलीपर्यंतच ती तळ चाचपते. पंधरा सेकंदांची लाट मात्र साडेतीनशे मीटर लांब असते. पावणेदोनशे मीटर खोलीवरच तिला तळ लागतो. मग ती मंदावते, मागून येणारं पाणी तिच्यावर चढतं आणि किनाऱ्याशी ती समुद्रातल्यापेक्षा दीडपट किंवा आणखी उंच होऊन फुटते. ही दुरून आलेली लाट, स्वेल. एप्रिल-मेमध्ये दक्षिण गोलार्धात हिवाळा जवळ येतो, चाळीस अंश दक्षिणेच्या पलीकडे वादळं जोर धरतात, आणि तिथली लाट ताशी चाळीस-बेचाळीस किलोमीटरने, दिवसाला हजार किलोमीटर, अशी सहा-सात दिवसांत आपल्याकडे येते. इथे वारा नाही, ढग नाही, तरी पाणी वर चढतं. केरळात याला कळ्ळक्कडल म्हणतात, चोरासारखा येणारा समुद्र. हैदराबादची इन्कॉइस ही संस्था यासाठी वेगळा इशारा देते आणि मे अखेर हा त्या चोराचा हंगामच आहे.

शिवराजपूरला ही लाट सरळ पोचते. तिथळ-दांडीला ती तिरकी येते आणि उथळ तळावर घासत, थकत येते. आखाताच्या तोंडाशी असलेले वाळूचे बांध तिला आणखी मोडतात. म्हणून तोच ‘1 मीटर, 14 सेकंद’ द्वारकेकडे धाक घालणारा आणि दांडीला जेमतेम जाणवणारा. दिशेचा आकडा वाचताना एक लक्षात ठेवायचं: लाट आणि वारा दोन्हींची दिशा ‘कुठून’ ती असते, ‘कुठे’ ती नव्हे. 225 अंश म्हणजे नैर्ऋत्येकडून.

वाऱ्याबद्दल फार लिहायला नको, बरंचसं गच्चीने सांगितलंच आहे. पश्चिमेकडे तोंड असलेल्या किनाऱ्यावर पहाटे जमिनीकडून येणारा हलका पूर्व वारा लाटेचा चेहरा नितळ ठेवतो. अकरा-बारानंतर समुद्रावरून वारा सुरू होतो आणि तीन-चारला कळसाला जातो. ताशी वीस-बावीस किलोमीटरच्या वर गेला की फेस दिसणारच. फक्त अॅपवरचं एकक तपासावं. नॉट असतील तर दुप्पट करून थोडं कमी करायचं. मीटर प्रतिसेकंद असतील तर 10 म्हणजे ताशी 36. एककाच्या घोळामुळे ‘फक्त दहाचा वारा’ म्हणून निघालेली मंडळी डोळ्यांत वाळू घेऊन परततात.

आणि आता ती उंची. अंदाजात छापलेली उंची सगळ्या लाटांपैकी सर्वांत मोठ्या एकतृतीयांश लाटांची सरासरी असते. म्हणजे 1.2 मीटरच्या दिवशी चार-पाच तासांत एखादी लाट दुपटीच्या जवळ जाणारच. तो अपवाद नाही, हिशेबातलीच आहे ती. लाट स्वतःच्या उंचीच्या सव्वा ते दीडपट खोल पाण्यात फुटते. दीड मीटरची लाट फुटते तिथे पाणी दोन मीटर आहे, एवढं किनाऱ्यावरून नुसतं बघून कळतं.

धक्क्यावर किंवा जेटीवर पोचल्यावर लगेच टोकाला जाऊ नये. आधी खांबावरचं शेवाळ बघावं. ओला हिरवा पट्टा जिथे संपतो तिथपर्यंत भरती येते. पाणी त्याच्या किती खाली आहे यावरून अॅप खरं बोलतंय की नाही ते समजतं. मग एक खांब धरून लाटांचे माथे मोजायचे. पहिल्या माथ्याला ‘शून्य’ म्हणायचं, ‘दहा’ म्हणेपर्यंत किती सेकंद गेले त्याला दहाने भागायचं. अंदाजात 7 आणि धक्क्यावर 13 निघाले, तर दूरची लाट पोचली आहे आणि अंदाज मागे राहिला आहे. दूरच्या लाटा जथ्याने येतात. चार-सहा मोठ्या, मग दहा-पंधरा मिनिटं सामसूम. सामसुमीत फोटो काढायला टोकाला गेलेला माणूस पुढच्या जथ्यात सापडतो. म्हणून वीस मिनिटं नुसतं उभं राहायचं, ही अट घड्याळ लावून पाळावी.

जेटीच्या खांबांशी पाणी गोल फिरून तळाची वाळू उकरतं. कमरेएवढ्या पाण्यात चालता चालता एकदम खड्डा लागतो तो असा. बांधकामाच्या कडेने पाण्याची ओढही बाहेर वाहते. लाटा फुटत असताना मधेच एक पट्टा काळसर, न फुटणारा, फेस बाहेर नेणारा दिसला तर ती ओढ. नवखा माणूस नेमका तिथेच उतरतो, कारण तिथे लाट नाही. ओढीत सापडलं तर किनाऱ्याकडे झटापट करू नये. दम राखून तरंगत राहायचं, हात वर करायचा आणि किनाऱ्याला समांतर पोहत पट्ट्याबाहेर यायचं. पट्टा सहसा रुंद नसतो, दम संपतो म्हणून माणसं बुडतात. हे सौराष्ट्राच्या आणि दक्षिणेच्या किनाऱ्याचं झालं. आखातातल्या ओहोटीला कसली पट्ट्याची कड? तिथे सगळं पाणीच बाहेर जातं. तिथे पोहायचंच नाही.

आखाताच्या पाण्यापुढे माणसांनी बांधलेले धक्केही नमते घेतात. भावनगरजवळच्या घोघ्याच्या, गाड्याही नेणाऱ्या रो-रो फेरीबोटीसाठी गाडी चढवायचा पूल तरंगत्या तराफ्यावर टेकवावा लागला, म्हणजे पाण्याबरोबर तोही वर-खाली होतो. 2017 मध्ये सुरू झालेली घोघा-दहेज फेरी गाळ साचल्याने थांबली आणि 2020 मध्ये ती हजीराहून सुरू करावी लागली.

अंदाजाची मुदतही ओळखून असावं. दूरच्या लाटेचा अंदाज पाच-सहा दिवस आधी बऱ्यापैकी पक्का असतो, कारण ती लाट उठून निघालेली असते. स्थानिक वाऱ्याचा दोन-तीन दिवसांपुरता. वळवाच्या गडगडाटाचा काही तासांपुरता, त्यासाठी अॅपपेक्षा आकाश बघावं: वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंतचे सेकंद मोजून तीनने भागले की किलोमीटर मिळतात, आणि आकडा दहाच्या आत आला की जेटी सोडावी. मोकळ्या धक्क्यावर सर्वांत उंच वस्तू आपणच असतो.

चक्रीवादळाचं मात्र आठवडाभर आधीपासून बघावं. मेच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा महिना अरबी समुद्राचा उपद्व्यापी. 2020 चं निसर्ग 3 जूनला अलिबागजवळ, 2021 चं तौक्ते 17 मेला ऊना-दीवच्या बाजूला, 2023 चं बिपरजॉय 15 जूनला कच्छात जखाऊजवळ. वादळ शेकडो किलोमीटर दूर असतानाच त्याची लांब लाट पुढे येते. आकाश निळं, वारा मंद आणि पीरियड अचानक 6 वरून 12-13, तर वादळ कुठे आहे ते शोधावं. बंदरावर तीन नंबरचा बावटा लागलेला असेल तर पुढे काही वाचायची गरज नाही, चहा घ्यावा आणि गाडी वळवावी.

1 जूनला मासेमारीबंदी लागते आणि होड्या वर ओढल्या जातात. किनारा एकदम मोकळा नि छान दिसू लागतो, पण समुद्रावर नजर ठेवणारी माणसं आणि वेळेला पाण्यात घालता येणारी होडी, दोन्ही त्याच दिवशी गेलेली असतात. म्हणून उन्हाळ्यातली शेवटची फेरी मेमध्येच उरकावी. त्यानंतर बडोद्याला समुद्राची आठवण येते ती श्रावणात. नारळी पौर्णिमा म्हणजे उधाण, भरती दुपारी. नारळ वरच्या पायरीवरून सोडावा. पाण्यात पाय बुडवायचेच असतील तर आठ दिवस थांबावं. सातम-आठमच्या, म्हणजे गोकुळाष्टमीच्या सुट्ट्या भांगावर येतात. फक्त पावसाळी लाट तोवर ओसरलेली नसते, तेव्हा पीरियडचा आकडा त्याही वेळी आधी बघावा.